कलकत्त्याच्या हिरवळीवर बाबांची खुर्ची

कलकत्त्याहून परत येऊन दोन वर्षं झाली, तरी भांडुपात अजून कुणी ना कुणी विचारतं, "काय गं, डेव्हिस कपला गेली होतीस ना? सांग की!" मी "झकास होतं" म्हणते आणि भाजी घेऊन पुढे जाते. यंदा मात्र आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी प्रवासवर्णन मागितलं, आणि टाळता येईना. बाबांना विचारलं तर म्हणाले, "लिवायचा तर सगळा लिव. नाय तर लिवच नको." म्हणून सगळं लिहिते. समोरचा संघ कोणत्या देशाचा होता ते तेवढं लिहीत नाही. त्यांच्यातल्या एकाबद्दल बरंच लिहायचं आहे, आणि त्याची परवानगी घ्यायची सोय नाही.

आधी आम्ही तिथे गेलो कसे ते सांगायला हवं. माझे बाबा भांडुपच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. भोंगा झाला की फाटकाशी घड्याळ लावून बसायचे आणि एक मिनिट उशीर झालेल्या माणसाला उशीर मांडायचे. माझ्या सख्ख्या मामाचा अर्धा दिवस त्यांनी कापला होता, आणि आईने त्यानंतर आठवडाभर त्यांना फक्त पेज वाढली. त्या कारखान्याच्या आवारात साहेबांसाठी लाल मातीचं टेनिस कोर्ट होतं. रविवारी साहेब लोकांत आत-बाहेरवरून भांडणं व्हायला लागली तेव्हा कुणाला तरी सुचलं, की ह्या टाइमकीपरला बसवा, हा कुणाच्या बापाला ऐकत नाही. तेव्हापासून बाबा लाइन्समन. पुढे मुलुंडच्या क्लबातल्या स्पर्धा झाल्या, मग शहरातल्या मोठ्या स्पर्धा. मी घाटकोपरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले तोवर त्यांनी मलाही रेघेवर बसायला शिकवलं होतं. बाई खुर्चीवर बसते म्हणून सुरुवातीला लोक हसले. बाबांनी सांगितलं, "हसूक दी. चेंडवाक तू बाई काय बाप्या ता कळणा नाय."

संघटनेचं पत्र आलं ते दोघांच्या नावाने. कलकत्त्याला लढत आहे, लाइन्समन म्हणून तीन दिवस यावं, प्रवासखर्च मिळेल. बाबा तेव्हा बासष्टचे. कारखाना बंद पडून दोन वर्षं झाली होती आणि कोर्टावर गुडघाभर गवत होतं. ते पत्र त्यांनी चाळीत सगळ्यांना वाचून दाखवलं. खरं म्हणजे मला वाचायला लावलं आणि स्वतः शेजारी उभे राहिले. अक्षर बारीक आहे म्हणाले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि ह्याचंच आज वाईट वाटतं.

बुधवार

गाडीतल्या दोन रात्रींबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. हावड्याला उतरलो तर घ्यायला घोषालबाबू आले होते. हे तिथल्या सगळ्या लाइन्समनचे मुकादम म्हणा. सत्तरीचे, धोतर नेसलेले, हातात छत्री. आमची उतरायची सोय त्यांच्या घरीच होती. वाटेत टॅक्सीतून त्यांनी मैदान दाखवलं. इतकी मोकळी जागा गावाच्या मधोमध आणि तिच्यावर कुणी इमारत बांधलेली नाही, हे मुलुंड-भांडुपच्या माणसाला सहन होणं कठीण. बाबा म्हणाले, "हंय चार कारखाने बसतले."

घरी घोषालबाबूंच्या पत्नीने माझी साडी बघितली आणि कपाळाला हात लावला. लाइन्समनने पांढरे कपडे घालायचे असा नियम, आणि सवाष्ण बाईने पांढरी साडी नेसायची नाही असा माझ्या सासूबाईंचा नियम. दोन्हींचा मान राखायला मी फिक्या निळ्या काठाची शोधून आणली होती. तर इथे उलटंच. काकीमांनी (सगळे त्यांना तेच म्हणत) कपाटातून लाल काठाची पांढरीशुभ्र साडी काढली आणि म्हणाल्या की पांढऱ्यावर लाल काठ हेच तर सवाष्णीचं लेणं, हे निळं कसलं? आमच्याकडे जे नेसलं तर लोक दार लावून घेतील, ते इथे लग्नाला नेसतात. मी तीन दिवस तीच साडी नेसले.

रात्री जेवायला मोहरी घातलेला मासा होता. नदीचा. मला आवडला. बाबांनी काटे काढत काढत निमूट खाल्ला आणि हात धुताना माझ्या कानाशी म्हणाले, "ह्या माशाक जन्मात मीठ लागलेला नाय." काकीमांनी काय म्हणाले म्हणून विचारलं. मी सांगितलं, फार छान झालाय म्हणतायत. लगेच त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचं ठरवलं.

गुरुवार

क्लबाचं नाव मोठं आणि जुनं आहे, ते राहू दे. मी फक्त गवताबद्दल लिहिते. आम्ही आयुष्यभर मातीवर बसलो. हे गवत इतकं बारीक कापलेलं होतं की वाकून हात लावल्यावरच ते गवत आहे हे पटलं. चामड्याच्या तळाचे बूट चालणार नाहीत म्हणून बाबांना फाटकावरच अडवलं, आणि मग त्यांच्यासाठी बाजारात जाऊन कॅनव्हासचे बूट आणावे लागले. एक नंबर मोठे मिळाले. ते पुढे कागद कोंबून त्यांनी घातले.

दुपारी पाहुण्यांचा सराव होता आणि आम्हालाही सराव करून घ्यायचा होता. घोषालबाबूंनी बाबांना सर्व्हिसची रेघ दिली. सर्वांत अवघड रेघ हीच. बाजूला खुर्ची टाकून बसायचं, रेघेच्या सरळ रेषेत नजर ठेवायची आणि तोफेसारखी आलेली सर्व्हिस आत की बाहेर ते पापणी लवायच्या आत सांगायचं. मी त्यांच्या मागे उभी होते.

पहिला चेंडू बाहेर पडला. बाबा गप्प. दुसरा रेघेवर, म्हणजे आतच. बाबा ओरडले, "आउट!" तिसरा सरळ आत, तेव्हा गप्प बसले ते बरोबर. चौथा वीतभर बाहेर. गप्प. घोषालबाबू लांब होते, त्यांच्या लक्षात आलं नाही. मला वाटलं प्रवासाचा शीण असेल. मग पाहिलं तर बाबा मान तिरकी करून बसले होते, देवळात कीर्तन ऐकताना बसतात तसे. ते बघत नव्हते. ऐकत होते.

मी त्यांना झाडाखाली नेलं. त्यांच्या उजव्या डोळ्यावर माझा तळवा धरला आणि समोर बोटं धरली.

"बाबा, किती?"

"गप रव गो."

"किती बोटं ते सांगा."

"माका हात दिसता," ते म्हणाले.

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पुरता पिकला होता आणि उजव्यात सुरू झाला होता. दोन वर्षांपासून. उन्हात पांढऱ्या चुन्याकडे बघितलं की नुसती झगझग. मी विचारलं, मग इतके दिवस मुलुंडला कसे बसलात? एकही कॉल चुकला नाही तुमचा! तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना. आमच्या मातीच्या कोर्टावर रेघा म्हणजे खिळे मारून बसवलेल्या फिती. चेंडू फितीवर पडला की चट् वाजतो, मातीत पडला की धप्. बाबा त्या आवाजावर सांगत होते. फितीच्या आत-बाहेरचं उरलेलं काम उजवा डोळा करायचा. आणि इथे गवतावर चुन्याने आखलेली रेघ! तिला आवाजच नाही. मातीच्या कोर्टाबाहेर कधी बसलेच नव्हते, त्यांना हे माहीत असणार कसं?

"ऑपरेशन का नाही केलं?"

"ऑपरेशन झाला की जाड भिंगाचो चश्मो. जाड भिंगवाल्याक रेघेर कोण बसवता?"

"मी घोषालबाबूंना सांगते."

त्यांनी माझं मनगट धरलं. माझ्या आठवणीत बाबांनी कुणाकडे काही मागितलेलं नाही. म्हणाले, "एक मॅच. उद्याची एक मॅच माका बसूक दी. मगे मी सोता सांगतंय तेंका. आयुष्यभर लोकांचो उशीर मांडलंय, कारखान्यान निघताना एक नारळ दिल्यान. देशाची खुर्ची एकदा तरी."

मला नाही म्हणता आलं नाही. दोन देशांची लढत होती आणि मी बापाकडे बघितलं. सावरून बसतील, उजवा डोळा आहे, बाजूचे लोक आहेत, चुकलंच तर वरच्या खुर्चीवरचा अंपायर दुरुस्त करील, असं सगळं मी मनाशी म्हटलं. संध्याकाळी काकीमांनी गोड दही वाढलं आणि मी दोन वाट्या खाल्ल्या.

शुक्रवार

पहिल्या मॅचला मी पलीकडच्या बाजूच्या रेघेवर होते. आपला खेळाडू हरला, सरळ. दुसऱ्या मॅचला बाबा सर्व्हिसच्या रेघेवर आणि मला सुट्टी. मी मुद्दाम त्यांच्या खुर्चीच्या मागचा बाक पकडला, म्हणजे रेघ नाकासमोर येते.

प्रेक्षक दर्दी होते. आमच्याकडे टेनिसला आले तरी लोक क्रिकेटचा स्कोअर विचारतात. इथे आजोबा लोक छत्रीच्या दांड्यावर हनुवटी टेकून एकेक फटका मनात घोळवत होते. पाहुण्यांचा खेळाडू उंच, केस पिंगट, शांत. प्रत्येक सर्व्हिसच्या आधी चेंडू पँटला पुसायचा. एक सेट त्याने घेतला, एक आपल्याने.

तिसऱ्या सेटला चार-चार होते. पाहुण्याची सर्व्हिस, आणि आपल्याला गेम घ्यायला एक गुण हवा होता. पहिली सर्व्हिस जाळ्यात गेली. दुसरी त्याने जोरात मारली, हिंमतवाला होता. चेंडू रेघेच्या आत पडला. चुन्याचा एक कणही उडाला नाही कारण चुन्याला लागलाच नाही, पुरा आत होता. दोन बोटं आत. मी पाहिला तो अजून मला तिथेच पडलेला दिसतो.

"आउट!" बाबांनी हात सरळ बाजूला फेकला. आवाज खणखणीत, फाटकावरचा.

मैदान कोसळल्यासारख्या टाळ्या झाल्या. गेम आपला. पाहुणा जागेवर उभा राहिला. वरचा अंपायर बाबांकडे पाहत होता, आणि बाबांचा हात इतका ठाम होता की तो काही बोलला नाही. पाहुण्याने वाद घातला नाही. तो फक्त चालत सर्व्हिसच्या रेघेपर्यंत आला, चेंडू पडला त्या जागेकडे एकदा आणि बाबांकडे एकदा बघितलं, आणि परत गेला. बाबांना तो नीट दिसला असेल असं वाटत नाही.

मी त्या क्षणी उठून अंपायरच्याही वर असलेल्या रेफरीकडे जायला हवं होतं. तसं न करता मी तंबूमागे जाऊन बसले. मला पुढचं बघवेना. पाण्याच्या पिंपाजवळ एका उलट्या बादलीवर बसून मी टाळ्यांवरून अंदाज करत राहिले, आणि पाचव्या सेटनंतरच्या टाळ्या इतक्या लांबल्या की आपण जिंकलो हे कळलं.

बाबा आले ते घामाने भिजून, त्या मोठ्या बुटांतून पाय ओढत, पण चेहरा असा की आईच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तसा नाही. "बघलंस? निभावलंय मा?"

सांगायला मी घरी पोचेपर्यंत वाट पाहिली. काकीमा पुऱ्या तळत होत्या, लुची म्हणतात त्याला. बाबांनी दोन खाल्ल्या होत्या.

"बाबा, तिसऱ्या सेटला चार-चारला तुम्ही आउट दिलात तो आत होता."

"तू बघलंस?"

"तुमच्या मागेच होते."

"किती?"

"दोन बोटं."

त्यांनी ताटातली पुरी मोडली आणि पुन्हा जोडून ठेवली. मग म्हणाले, चेंडू पडला तेव्हा धप् वाजलं होतं. मी म्हटलं, गवतावर सगळे धप्च वाजतात. ते भांडतील असं मला वाटलं होतं. निदान "खोटा बोलू नको" म्हणतील. त्यांनी नुसतं ताट दूर केलं आणि हात धुऊन गच्चीवर गेले. काकीमांना वाटलं पुऱ्या तेलकट झाल्या.

शनिवार

सकाळी उठले तर बाबा घरात नव्हते. घोषालबाबूंच्या आधी क्लबवर जाऊन, फाटक उघडेपर्यंत बाहेर थांबून, रेफरीला भेटून आले होते. तिथे कोण दुभाषी मिळाला, काय सांगितलं, त्यांनी मला सांगितलं नाही. छातीवरचा बिल्ला काढून दिला होता एवढं शर्टावरच्या दोन भोकांवरून कळलं. रेफरी परदेशी आणि म्हातारा होता. त्याने मला बोलावलं, झालेला निकाल बदलता येत नाही म्हणाला, आणि तुमच्या वडिलांना प्रेक्षकांत चांगली जागा द्यायला सांगितली आहे म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं.

गुरुवारपासून मला माहीत होतं हे मी सांगितलं तेव्हा घोषालबाबू मात्र रागावले. बाबांवर नाही, माझ्यावर. "तोमार बाबा बुढ़ा आदमी है," ते त्यांच्या हिंदीत म्हणाले, "तुम को गुरुवार को मालूम था। तुम क्यों चुप रहा?" तरी त्यांनी मला कामावरून काढलं नाही, माणसं कमी होती. त्या दिवशीच्या दुहेरी सामन्यात मी रेघेवर बसले. आपण जिंकलो. पाच मॅचेसच्या लढतीत आता दोन-एक.

बाबा सावलीतल्या चांगल्या खुर्चीवर बसले होते. घोषालबाबूंनी मधल्या वेळात स्वतः त्यांना नारळपाणी नेऊन दिलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, तरी ते बराच वेळ शेजारी बसले.

रविवार

रविवारी तो पिंगट केसांचा पाहुणा पुन्हा खेळला आणि आपल्या पहिल्या खेळाडूला हरवून मोकळा झाला. दोन-दोन. शेवटची मॅच आपण जिंकली आणि लढत तीन-दोनने आपली झाली. लोक खुर्च्यांवर चढले, कुणी फटाके आणले होते, घोषालबाबूंची छत्री कुणीतरी हवेत उडवली ती परत मिळाली नाही. माझ्या आयुष्यात देश जिंकताना मी इतक्या जवळून पाहिलेला तो एकच दिवस, आणि मी मनात हिशेब करत होते: शुक्रवारी तो पाहुणा जिंकला असता तर ही लढत आपण हरलो असतो.

हा हिशेब बाबांनीही केला होता. गर्दीतून ते माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "चल. तेका भेटूक होया."

"कुणाला?"

"तेकाच. इंग्रजी तू बोल."

पाहुण्यांच्या तंबूशी एक शिपाई होता. लाल काठाची साडी आणि माझा बिल्ला बघून त्याने सोडलं. आत तो एकटाच होता. पाय बर्फाच्या पाण्याच्या बादलीत बुडवून, मांडीवर टॉवेल घेऊन बसला होता. आम्हाला बघून त्याला वाटलं सही हवी आहे. त्याने पेनासाठी हात पुढे केला.

मी त्याला सांगितलं की हे माझे वडील, शुक्रवारी सर्व्हिसच्या रेघेवर हेच होते. त्याने बाबांकडे नीट पाहिलं आणि हात मागे घेतला. मी सांगितलं की ह्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ह्यांनी आउट दिलेली एक सर्व्हिस आत होती. त्याबद्दल माफी मागायला आलेत. शनिवारी ह्यांनी स्वतःहून खुर्ची सोडली. मी हे सगळं भराभर म्हटलं, एक्स्चेंजमध्ये नंबर सांगतात तसं.

मग त्याने विचारलं, "कुठली?"

मला वाटलं त्याला आठवत नसेल. मी म्हटलं, "तिसरा सेट, चार-चार."

"हो, ती," तो म्हणाला. "आणि चौथ्या सेटला एक. आणि पाचव्या सेटला पाच-सहाला, मॅच-पॉइंटच्या आधीची." राग नव्हता त्याच्या आवाजात. तीन बोटं त्याने वर केली.

बाबांना इंग्रजी येत नव्हतं. बोटं तेवढी दिसली, इतक्या जवळून. ते माझ्याकडे वळले. "तीन?"

मी मान हलवली. दोन मी पाहिल्या नव्हत्या, कारण तेव्हा मी तंबूमागे बादलीवर बसले होते.

बाबांनी पाठ सरळ केली. कॅनव्हासचे मोठे बूट जुळवून घेतले. आणि त्यांना येणारा तो एक इंग्रजी शब्द त्यांनी म्हटला, "सॉरी." मग थांबले, श्वास घेतला, आणि पुन्हा म्हणाले, "सॉरी." दुसऱ्यांदा म्हटल्यावर तो पाहुणा "पुरे, पुरे" असं काहीतरी म्हणत हात हलवू लागला. बाबांनी त्याला थांबायची खूण केली. तिन्हींतला एकही कॉल फुकट माफ करून घ्यायचा नव्हता त्यांना. तिसऱ्यांदा "सॉरी" म्हणेपर्यंत तो बादलीतून पाय काढून ओल्या गवतावर उभा राहिला होता.

त्याने हात पुढे केला. बाबांनी तो दोन्ही हातांनी धरला.

मग मी म्हटलं, "सॉरी." त्याला कळलं नाही, हे चौथं कशाबद्दल. त्याने बाबांकडे पाहिलं. मी त्याला गुरुवारचं, झाडाखालचं सांगायला लागले. बाबा माझ्याकडे बघत नव्हते, पण मी बोलून पूर्ण होईपर्यंत त्यांनी त्याचा हात सोडला नाही.